डाव्या खुंटीवरची हिरवी

५ फेब्रुवारी

नवी दैनंदिनी आजपासून. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचा खुलासा देतात, तसा आधी माणसांचा देतो. मी: सांडपाणी विभागात आयुष्यभर नकाशे काढले, आता निवृत्त. ही: माझी बायको, लॉन्ड्री चालवते, निवृत्त व्हायचं नाव काढत नाही. मेहुणा: हिचा धाकटा भाऊ. त्याचं रंगाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने भिंतीचा टवका आणून दिला की डब्यात इकडचे तिकडचे चार थेंब टाकून हुबेहूब तोच रंग काढून देतो. त्याची बायको वारल्यापासून दुकान बंद केलं की तडक आमच्याकडे येतो. आणि गाडी: खोक्यांतून सुटी आली, मी आणि मेहुण्याने अंगणातल्या शेडमध्ये जोडली. दोनच माणसं बसतात. त्यावर हिने एकदा विचारलं होतं, "मग मी कुठे बसायचं?" उत्तर अजून द्यायचं आहे.

गाडी सुरू होते, गिअर पडतात, ब्रेक लागतात. घोडं पेंड खातंय ते इंडिकेटरपाशी. डावा दाबला की पुढचा दिवा कसाबसा मिणमिणतो, मागचा तेवढेही कष्ट घेत नाही. "दाजी, त्याला झोप आलीय," मेहुणा म्हणाला. त्याला कशातही विनोद सुचतो.

कारण मी शोधलं. एरवीच्या गाडीचं अंग पत्र्याचं, त्यामुळे दिव्याला जाणारी एक वायर दिली की भागतं, वीज पत्र्यातून परत येते. आमच्या गाडीचं अंग फायबरचं, आणि फायबरला विजेशी काही देणंघेणं नाही. म्हणून किट बनवणाऱ्याने परतीची एक हडकुळी वायर चारही दिव्यांना फिरवून शेवटी एका गंजलेल्या बोल्टाला गुंडाळली आहे. चार घरांच्या सांडपाण्याला एक पाइप देणारा कंत्राटदार मी पाहिला आहे. त्या घरांचं पुढे काय झालं तेही पाहिलं आहे.

तेव्हा ठरलं. सगळं उपटायचं. प्रत्येक दिव्याला स्वतःची जाणारी वायर आणि स्वतःची परतीची. महिनाअखेरीस तपासणीची तारीख मिळाली आहे. पास झाली की गाडी रस्त्यावर, आणि पहिली फेरी मी आणि मेहुणा, नदीपलीकडे जाऊन परत. हे पहिलं खोकं फोडलं तेव्हापासून ठरलेलं आहे.

८ फेब्रुवारी

वायरिंगचा नकाशा पुरा झाला. काळी शाई, बारीक निब, एकही खाडाखोड नाही. मेहुणा बघून म्हणाला, "दाजी, फ्रेम करून लावा. वायरिंग राहू द्या."

रिळं त्यानेच आणली. डाव्या दिव्यांना जाणारी हिरवी, उजव्यांना जाणारी लाल, परतीची काळी. काळीबद्दल माझी काही तक्रार नाही. बाकी रंगांचं खूळ मला कधीच पटलं नाही. रेघ कुठून निघाली आणि कुठे पोचली हे कळलं की पुरे. ऑफिसात एकदा साहेबांनी रंगीत नकाशा मागितला होता, पिण्याचं पाणी निळं, सांडपाणी तपकिरी, पावसाचं हिरवं. मी घरी येऊन धुसफुसत होतो तर ही म्हणाली, "द्या इकडे. तुम्ही रेघा मारा, मी रंगवते. मला हौस आहे." पुढे दरवेळी तिनेच रंगवले. साहेब चारचौघांत म्हणायचे, रंगसंगतीत यांचा हात धरणारा कुणी नाही. हिची हौस भागली, माझं कौतुक झालं.

शेडच्या भिंतीवर तीन खुंट्या ठोकल्या. डावीवर हिरवं रीळ, उजवीवर लाल, मधे काळं. डाव्या दिव्यांसाठी डाव्या खुंटीवरून घ्यायची, उजव्यांसाठी उजव्या. आता आंधळासुद्धा वायरिंग करील.

११ फेब्रुवारी

पुढच्या दोन्ही दिव्यांच्या वायरी टाकून झाल्या. मी ओढायच्या, मेहुण्याने बोनेटखालून पकडायच्या. तो गुणगुणत होता. बायको गेल्यानंतर त्याचं गुणगुणणं बंद पडलं होतं. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर थांबला असता.

सकाळी हिला स्कूटरवरून लॉन्ड्रीत सोडलं. वाटेत आमच्याच जुन्या विभागाने रस्ता खणून ठेवला आहे. निम्माच रस्ता चालू, म्हणून तिथे तात्पुरता सिग्नल उभा केलाय. त्याला दिवा एकच. तोच म्हणे लाल होतो आणि तोच हिरवा. याला काय सिग्नल म्हणायचं? सिग्नल म्हणजे वरचा पेटला की थांबा, खालचा पेटला की निघा. शेंबड्या पोरालाही कळतं. मागे बसून हिने माझ्या खांद्यावर बोटं ठेवली आणि म्हणाली, "चला." लग्न झाल्यापासूनची सवय, सिग्नल कुठलाही असो. कितीदा सांगितलं, मला दिसतं. "दिसतं हो," म्हणते, आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा "चला".

१४ फेब्रुवारी

पुढच्या डाव्या दिव्याची काच स्क्रू आवळताना तडकली. हळहळलो, पण नशीब बघा, जुन्या सामानाच्या दुकानात टोपलीत हात घातला आणि हातात आली ती अगदी तशीच. तोच आकार, तीच जाडी, तोच नारिंगी रंग. घरी येऊन बसवली.

संध्याकाळी मेहुणा आला आणि गाडीसमोर उभाच राहिला.

"दाजी, ही कुठून आणलीत?"

"का? आवडली ना?"

"आकार अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. मग हीही बाहेर आली. दोघं बहीणभाऊ त्या काचेकडे बघत बराच वेळ उभे होते. जुन्या वस्तूची कदर असलेली माणसं आता कमी राहिलीत. मेहुणा म्हणाला, "तपासणीच्या आधी मी एक नवीन बघतो." मी म्हटलं, अजिबात नाही, माझ्या हाताने शोधलेली आहे, हीच राहणार.

१८ फेब्रुवारी

हिने शेड झाडून काढली. रिळं खाली पडली होती म्हणे, उचलून खुंट्यांवर लावली. "जागच्या जागी लावलीस ना?" विचारलं. म्हणाली, "तीन खुंट्या, तीन रिळं. काळं मधे होतं, आठवतंय मला." बरं झालं.

दुपारी एकट्यानेच मागच्या दोन्ही दिव्यांच्या वायरी टाकल्या. डाव्या दिव्याला डाव्या खुंटीवरची, उजव्याला उजव्या. स्विचपाशी जोडायचं काम मेहुण्याचं. त्याची बोटं बारीक आहेत आणि मला वाकलं की उठवत नाही.

२१ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट.

आधी सगळं छान चाललं होतं. जुने बल्ब काढून एलईडी लावले तर ते भराभरा मिचकायला लागले. ("दाजी, आता घाई लागलीय त्याला.") एलईडीला वीज कमी लागते, दिवे मिचकावणाऱ्या जुन्या फ्लॅशरला वाटतं की बल्बच उडाला, आणि तो बोंब ठोकतो. फ्लॅशर बदलला, शांत झाला. मेहुण्याने स्विचमागच्या जोडण्या केल्या, नकाशात लिहिल्याप्रमाणे हिरव्या डावीकडे, लाल उजवीकडे. मी उजवा इंडिकेटर दाबला.

पुढे उजवा लागला. मागे डावा.

पुन्हा दाबला. पुन्हा तेच. गाडी पुढून एकीकडे वळायचं म्हणतेय आणि मागून दुसरीकडे. मी मेहुण्याला म्हटलं, "तू वायरींची अदलाबदल केलीस." तो म्हणाला, "नाही दाजी, हिरवीला हिरवी जोडलीय." टॉर्च घेऊन स्विचमागे डोकावला, मग गाडीच्या मागे गेला, मग खुंट्यांपाशी जाऊन उभा राहिला. रिळांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "ताई, जरा येतेस का?" म्हणून हिला हाक मारली. दाराशी दोघांचं काहीतरी कुजबुजणं झालं. हिने तोंडावर हात ठेवला. भावाची चूक बघून बहिणीला वाईट वाटणारच.

मेहुणा परत आला तो मान खाली घालून. "चुकलं माझं, दाजी. बदलून देतो."

बदलून दिलं. सगळं नीट चालतंय. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण जो माणूस साध्या पत्त्यांच्या डावात हार मानत नाही, त्याने एवढ्या लवकर चूक कबूल केलेली मला काही बरी वाटली नाही.

२५ फेब्रुवारी

नापास.

क्रमाने लिहितो. सकाळी मेहुणा लवकर आला. खिशात एक पुडकं, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि पुढच्या दिव्यापाशी घुटमळायला लागला. मी म्हटलं, "आता कशालाही हात लावू नकोस, एकदा बिघडवून झालंय." पुडकं खिशातच राहिलं. गाडी ट्रेलरवर चढवून तपासणी केंद्रावर नेली. तपासणीस बाई चांगल्या होत्या, नेमकं बोलणाऱ्या. ब्रेक, स्टिअरिंग, आरसे, हॉर्न, सगळं पाहिलं. मागचे इंडिकेटर पाहून म्हणाल्या, "छान, स्वच्छ काम आहे." माझी मान ताठ झाली. मग त्या पुढे आल्या.

"डावीकडे हिरवा दिवा कसा काय?"

मी म्हटलं, "कुठे हिरवा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिव्याकडे पाहिलं. तेवढ्यात मेहुणा मधे घुसला. "मी बसवला, मॅडम. घाईत चुकीची काच लागली. दाजींना माहीत नव्हतं."

माझी काच काढून यानं हिरवी बसवली? कधी? आणि कशासाठी? ट्रेलरवर चढवताना तो पुढे उभा होता, तेव्हा हातचलाखी केली असणार. घरी आल्यावर मी काच नीट निरखली. नारिंगीच होती. म्हणजे पठ्ठ्याने परतीच्या वाटेत पुन्हा माझी काच बसवून ठेवली!

मग माझा ताबा सुटला. मी त्याला म्हटलं, "रंग कालवणं वेगळं आणि वायरिंग वेगळं. तुला गाडी पूर्ण व्हायला नकोय का? उद्यापासून माझ्या गाडीला हात लावू नकोस." माझी गाडी असं म्हणालो. आजवर आमची म्हणत होतो.

तो म्हणाला, "बरं, दाजी." पक्कड पुसली, जागेवर ठेवली, आणि गेला.

२६ फेब्रुवारी

मेहुणा आला नाही.

१ मार्च

आला नाही. ही दोन घासांपलीकडे जेवत नाही आणि एका शब्दापलीकडे बोलत नाही.

४ मार्च

आज बोलली. "तुम्हाला वायर जास्त की माझा भाऊ?"

मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

"एकदा सांगूनच टाकू का तुम्हाला?" ती म्हणाली. इस्त्री हातात तशीच धरून उभी होती.

"काय?"

तिने इस्त्री खाली ठेवली. मग म्हणाली, "काही नाही. वायरींना टॅग लावा, एवढंच. आम्ही कपड्यांना लावतो तसे. कुठल्या दिव्याची वायर ते टॅगवर लिहायचं, भांडण नको."

मी म्हटलं, नकाशा असताना टॅग कशाला? ही सगळ्यालाच खुणा करत सुटते. माझ्या मोज्यांनासुद्धा आतून दोरे घातलेत, एका जोडीला एक टाका, दुसरीला दोन. धंद्याची खोड घरात येते ती अशी.

६ मार्च

मेहुण्याची दुरुस्ती मला खटकत होती म्हणून स्विचमागचं सगळं सोडवून पुन्हा माझ्या हाताने जोडलं. हिरवीला हिरवी, लालला लाल, डोळ्यांत तेल घालून. डावा दाबला. पुढचे दोन्ही लागले. मागे काहीच नाही. पुन्हा सोडवून जोडलं. आता डावा दाबल्यावर मागचे दोन्ही. तिसऱ्या खेपेला फ्यूज उडाला.

शेडमध्ये मी एकटाच होतो. दोष द्यायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हसायलाही कुणी नव्हतं. फ्यूज उडाल्यावर तो काहीतरी बोलला असता. काय बोलला असता याचा मी बराच वेळ विचार केला, मला सुचलं नाही. मला त्याच्याशिवाय करमत नाही. इथे लिहितो, हिला सांगणार नाही.

७ मार्च

आज सगळा उलगडा झाला.

वायरीच्या दुकानात तक्रार करायला गेलो होतो. म्हटलं, तुमची लाल आणि हिरवी इतकी जवळची आहे की नवखा माणूस गोंधळणारच. दुकानदाराने दोन्ही रिळं काउंटरवर ठेवली. "काका, ही लाल, ही हिरवी. यात जवळचं काय आहे?"

मी म्हटलं, "माझं सोडा, पण माझा मेहुणा सारखा चुकतो."

तो काउंटरवरून पुढे वाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, राग मानू नका. काही माणसांना हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत. पुरुषांत तर पुष्कळ. जन्मभर स्वतःला पत्ता लागत नाही. घरची माणसं सांभाळून घेतात."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मेहुणा!

मी दुकानदाराचा हात धरून आभार मानले. तो दचकलाच. येताना एकेक गोष्ट आठवत गेली. गेल्या थंडीत माझा तपकिरी स्वेटर बघून म्हणाला होता, "दाजी, हिरवा छान दिसतो तुम्हाला." मी बाजारातून लालबुंद टोमॅटो आणले तर म्हणाला, कच्चे आहेत, दोन दिवस ठेवा. आणि सगळ्यात मोठा पुरावा त्याच्या दुकानातच आहे. तिथे प्रत्येक डब्यावर नंबर असतो! रंग ओळखता येत असते तर नंबर कशाला लागले असते? बिचारा. आयुष्यभर रंगांच्या दुकानात बसला, लोकांच्या भिंतींना रंग काढून दिले, आणि स्वतःला तांबडं-हिरवं कळत नाही. कसं निभावलं असेल? गिऱ्हाईक डबा घेऊन गेलं की रोज जीव टांगणीला लागत असेल.

आणि मी त्याला काय काय बोललो.

८ मार्च

खात्री करून घेतल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही आमच्या विभागाची शिस्त. दोन्ही रिळांचा एकेक तुकडा कापला. डाव्या खुंटीवरच्या, म्हणजे हिरव्या तुकड्याला बारीकशी गाठ मारली आणि ती मुठीत लपवली. मग मेहुण्याच्या दुकानात गेलो. मला बघून तो उभा राहिला. मी म्हटलं, "एक विचारतो, सरळ उत्तर दे. यातली हिरवी कुठली?"

तो गांगरला. "दाजी, आता हे कशाला?"

"सांग तर."

त्याने वायरींकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग अगदी अलगद, दुखऱ्या दाताला हात लावावा तसं, एका तुकड्यावर बोट ठेवलं. बिनगाठीच्या.

म्हणजे खरंच.

"चुकलं का, दाजी?" त्याने विचारलं. माझा चेहरा बघून तो घाबरला असावा.

मी आयुष्यात फारसं खोटं बोललो नाही. आज बोललो. म्हटलं, "नाही रे. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे." आणि त्याला जवळ घेतलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती बघत राहिली. मी म्हटलं, "मी नको ते बोललो. गाडी आपली आहे. संध्याकाळी ये."

तो म्हणाला, "दाजी, फ्यूज उडवलात ना?"

"तुला कसं कळलं?"

"वाटलं आपलं," म्हणाला, आणि हसला. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

९ मार्च

हिला सगळं सांगितलं, पण आधी वचन घेतलं. म्हटलं, "तुझ्या भावाला रंग दिसत नाहीत. त्याला स्वतःला माहीत नाही, आणि आपण कळू द्यायचं नाही. धंद्याचा प्रश्न आहे. या वयात मन मोडेल त्याचं. तू कुणाला सांगू नकोस."

ही खाली बसली, तोंडात रुमाल कोंबला आणि खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून मी पाठीवरून हात फिरवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "नाही सांगणार. आजवर कुणाला सांगितलंय?"

म्हणजे हिला आधीपासून माहीत होतं! एवढी वर्षं पोटात ठेवलं आणि मला, नवऱ्याला, पत्ता लागू दिला नाही. पण रागावलो नाही. आपल्या माणसाचं उणं असं झाकून धरायला मोठं मन लागतं. मी तिला तसं म्हटलंसुद्धा. म्हणाली, "मन कसलं हो. सवय होते."

१२ मार्च

टॅगची कल्पना मी मान्य केली. मेहुण्याची अडचण लक्षात घेता रंगांवर विसंबणं बरं नव्हे. हिने लॉन्ड्रीतले कापडी टॅग आणले, न धुतल्या जाणाऱ्या शाईने सुवाच्य अक्षरात लिहिले: पुढे डावा, पुढे उजवा, मागे डावा, मागे उजवा. मेहुणा प्रत्येक वायर दिव्यापासून हाताने चाचपत आला आणि दोन्ही टोकांना टॅग बांधत गेला. मग मी जोडण्या केल्या, नुसतं वाचून. पहिल्याच दाबाला सगळे इंडिकेटर बरोबर. डावा म्हणजे डावा, पुढूनही आणि मागूनही.

मेहुणा म्हणाला, "दाजी, आता गाडीचं एकमत झालं."

खिशातलं ते पुडकं त्याने आज बाहेर काढलं. त्यात नवी काच. पुढच्या डाव्या दिव्याला बसवू का, म्हणून विचारत होता. मला जुनीत आणि नवीत काडीचा फरक दिसेना, पण त्याचा चेहरा पाहून म्हटलं, बसव. मनाचं समाधान.

कामाच्या ओघात "ती लाल वायर दे रे" असं तोंडातून जाणार होतं, वेळेवर जीभ चावली. "उजवीकडची दे," म्हटलं. यापुढे त्याच्यासमोर रंगाचं नाव काढायचं नाही.

१५ मार्च

पास!

तपासणीस बाईंनी चारही दिवे पाहिले, टॅग पाहिले. "ही युक्ती कुणाची?" मी म्हटलं, आमची. मेहुण्याकडे बोट करून एवढंच म्हणालो, "याला सोयीचं जावं म्हणून." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने छताकडे पाहिलं.

ही लॉन्ड्री बंद करून आली होती. मी म्हटलं, पहिली फेरी तू ये. हे मी मनापासून म्हटलं. म्हणाली, "तुमचं दोघांचं ठरलंय ना, जा. माझी उद्या." मग खिडकीशी वाकून भावाच्या कानात काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, "हो ताई, माहीत आहे मला."

निघालो. गाडी लोण्यासारखी चालली. वळणावर उजवा इंडिकेटर दिला, आत टिकटिक वाजली, मागच्या ट्रकने मुकाट्याने वेग कमी केला. एवढा मोठा ट्रक, आणि आम्ही कुठे जाणार हे त्याला कळलं! मी मेहुण्याकडे पाहिलं, तोही तेच बघत होता. गुणगुणत होता.

नदीच्या अलीकडे खणलेला रस्ता लागला. तोच एका दिव्याचा सिग्नल. आम्ही थांबलो. दिवा लागलेला होता. वर नाही, खाली नाही, एकच. मी बघत होतो. समोरून गाड्या यायच्या थांबल्या होत्या. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला.

मेहुण्याने माझ्या खांद्यावर बोटं ठेवली. अगदी हिच्यासारखी. म्हणाला, "चला, दाजी."

या घराण्यालाच ती सवय आहे. आणि त्याला, बिचाऱ्याला, तो दिवा लाल आहे की हिरवा हे दिसणं शक्य नव्हतं, नुसता अंदाज बांधला असणार. पण त्याला वाईट वाटू नये म्हणून मी लगेच गाडी पुढे घेतली.